आम्ही १ जूनवाले

नमस्कार श्रोतेहो.

माझी कागदावरची जन्मतारीख १ जून. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही. आजी सांगायची, ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झालीस, झोके अजून झाडालाच होते.’ पण वडील शाळेत नाव घालायला गेले, तेव्हा गुरुजींनी बाकीच्या पोरांसारखी माझीही १ जून लावून टाकली. माझ्या वयाच्या श्रोत्यांना यात काही नवल वाटायचं नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांचा वाढदिवस गुरुजींच्याच कृपेचा असेल. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मेला शाळांमध्ये, कचेऱ्यांमध्ये, बँकांमध्ये निरोप समारंभांची नुसती झुंबड उडते. हारवाल्यांची चंगळ. शाली तर म्हणे एका घरातून दुसऱ्या घरात घडी न मोडता फिरतात. येत्या ३१ मेला माझा नंबर आहे.

मी साताऱ्यात एका बँकेत काम करते. गेली अकरा वर्षं पेन्शनच्या खिडकीवर बसते. आमच्या खिडकीची दिवाळी नोव्हेंबरात. हयातीचा दाखला! आपण जिवंत आहोत हे आपणच येऊन सांगायचं. पूर्वी सही करून सांगायचे, मग अंगठा आला, आता मोबाईलसमोर चेहरा धरला तरी चालतो. दाखला होईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, तेवढ्यात मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, ‘मग, हल्ली काय चाललंय?’

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. ‘काही नाही, जातोय वेळ.’ हे म्हणणारे काही दुःखी नसतात हं. पण याच माणसांनी निवृत्तीच्या महिन्यात फॉर्म भरताना मला काय काय सांगितलेलं असतं! काशी, रामेश्वर, पेटी शिकायची, गावाकडं आमराई लावायची. एक साहेब निवृत्तीच्या पैशातून भारीतला कॅमेरा घेऊन आले होते, पक्ष्यांचे फोटो काढणार म्हणून. पुढच्या नोव्हेंबरात विचारलं, कॅमेरा काय म्हणतोय? म्हणाले, ‘नातवाकडे आहे.’ परदेश प्रवासाचंही तेच. मुलाकडे अमेरिकेला सहा महिने जाऊन आलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘नायगारा बघितला एक दिवस. बाकीचे दिवस बाळ बघितलं.’

पण काही जणांचं जमतं. कुणाचं जमतं, याचा मला नादच लागला.

एक निवृत्त तलाठी येतात. चौतीस वर्षं सातबारे लिहिले. एका नोव्हेंबरात त्यांचा अंगठाच मशीन घेईना. मी म्हटलं, ‘काका, हात जरा पुसा.’ ते हसले. ‘पुसून काय होतंय? रेषाच गेल्यात.’ हात पुढे केला, तर खरंच, अंगठा आणि दोन बोटं अगदी गुळगुळीत. हे गृहस्थ सुतारकाम करतात. पॉलिश पेपर घासून घासून बोटांचे ठसे झिजले. शेवटी चेहरा दाखवून दाखला केला. पुढच्या खेपेला त्यांनी मला एक पोळपाट आणून दिला, तीन पायांचा. म्हणाले, ‘चार पायांचा पोळपाट ओटा खालीवर असला की डुगडुगतो. तीन पायांचा कुठंही बसतो.’ मी विचारलं, रिटायर झाल्यावर शिकलात? ‘छे हो! नोकरीत असतानाच रविवारी शेजारच्या सुताराकडे जाऊन नुसता बसायचो. रंधा हातात द्यायला त्यानं दोन वर्षं लावली.’

नुसता बसायचो, हे मी लक्षात ठेवलं. अडुसष्टाव्या वर्षी गांधर्व महाविद्यालयाच्या संगीताच्या प्रारंभिक परीक्षेला आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसलेल्या एक आजी आहेत, त्यांचंही असंच. नोकरीत असताना मुलीला पेटीच्या क्लासला सोडायच्या आणि तास संपेपर्यंत कोपऱ्यात बसून राहायच्या. मुलीनं पेटी सोडली. यांचे कान मात्र तिथंच राहिले.

आता माझं सांगते. माझ्याकडे बँकेचीच एक जुनी डायरी आहे, तिच्यात मी वर्षानुवर्षं ‘३१ मे नंतर’ असं लिहून यादी करत आलेय. यादी कसली, हिशेबच. बाई अठ्ठावन्नची झाली की रेल्वेचं तिकीट निम्म्यात, पुरुष साठीचा झाला की चाळीस टक्के सूट, हे धरून मी आमच्या दोघांच्या सगळ्या प्रवासांचे आकडे मांडून ठेवले होते. मार्च २०२० मध्ये ती सवलत बंद झाली आणि माझी दोन पानं वाया गेली. मग मार्च २०२३ पासून एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं. पुन्हा नवीन पान. पंचाहत्तरी गाठली की एसटी अख्ख्या महाराष्ट्रात फुकट, हे तर २०२२ पासूनच आहे. आमच्या खिडकीवर त्या वयाचे एक आजोबा येतात. डबा, पाण्याची बाटली, गळ्यात पिशवी. सकाळी स्टँडवर जातात आणि फलाटाला लागलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचून ठरवतात. ‘राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतं ना ते,’ असं मी म्हटलं, तर म्हणाले, ‘हद्द बघायला तरी कुठं झालीय अजून?’

डायरीत प्रवासाखालोखाल दुसरं काही असेल तर ते मोडी, मराठीची जुनी लिपी. आमच्या माहेरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यातले कागद लहानपणापासून पाहतेय, पण घरात कुणालाच वाचता येत नाहीत. निवृत्त झाल्यावर शिकू म्हणत होते. तलाठीकाकांचं ऐकून दोन वर्षांपूर्वी रविवारच्या वर्गाला जायला लागले.

मोडीची गंमत सांगते. बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, लिहिताना आपण आधी अक्षर काढतो, मग डोक्यावर रेघ देतो. मोडीत उलटं. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, दोरीवर धुणं घालावं तशी. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही; त्यामुळे पहिले चार दिवस मी फार खूश होते. पुढं कळलं की शब्द तोडायचीही पद्धत नाही. ओळ एकसलग पळते, कुठला शब्द कुठं संपला ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. ‘ध’चा ‘मा’ करायला काही कपटी माणूसच लागतो असं नाही, साठीला आलेली बाई चष्मा विसरली तरी होतो.

आणि वर्षं! एकदा सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘इसन्ने सबैन मया व अलफ’. अरबी अंक. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज झाली ११७२. हा सुहूर सन, जुन्या मोडी कागदांतली कालगणना. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं. म्हणजे आपलं १७७१-७२. आयुष्यभर आकड्यांत घालवलेल्या माझ्यासारखीला त्या दिवशी जेवण सुचलं नाही.

मग ट्रंक उघडली. मनात कुठंतरी होतं की एखादी सनद निघेल, छत्रपतींचा शिक्का निघेल. साताऱ्याच्या माणसाला तेवढी आशा असायचीच. दीड महिना एका कागदाशी झगडले. निघालं काय, तर पणजोबांनी मांडलेला कुठल्याशा लग्नाचा खर्च. गूळ, तूप, पत्रावळी, मांडवाचे वासे, आणि अगदी खाली वाजंत्र्याची बाकी. देणं राहिलेलं. ती बाकी पुढं फेडली का नाही, हे आता मला दुसऱ्या कागदांत शोधायचंय. अजून सापडलेलं नाही.

प्रवासाचं मात्र मी नुसत्या हिशेबावर सोडलं होतं. म्हणून जानेवारीत रजा टाकली आणि आमच्या ह्यांना म्हटलं, रंगीत तालीम करू. हे मास्तर, दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेत. एसटीचा तो ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास असतो ना, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, त्यातला चार दिवसांचा काढला. मला अर्धं तिकीट, म्हणून पास ह्यांचा एकट्याचाच. मुलगा म्हणाला, ‘अगं आई, गाडी करून देतो की.’ गाडीत कंडक्टर नसतो, शेजारी कोंबडी घेतलेली बाई नसते, हे त्याला कसं सांगायचं?

साताऱ्याहून कोल्हापूर, तिथून राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, मग मालवण, रत्नागिरी आणि चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे घरी. डायरीत हे चार ओळींत बसलं होतं. प्रत्यक्षात काय झालं? हे प्रत्येक स्टँडवर चहाला उतरणार, आणि मी खिडकीतून ‘अहो, गाडी सुटतेय’ म्हणून ओरडणार. कणकवलीला पोचायला अंधार पडला. मालवणात जेट्टीवर गेलो, तर किल्ल्याकडे जाणारी शेवटची होडी निघून गेलेली. धक्क्यावर बसून लांबूनच सिंधुदुर्ग बघितला. मागच्या चाकावरची सीट कधी घ्यायची नाही, हे मला तिसऱ्या दिवशी कुंभार्ली घाटाच्या आधीच कमरेनं सांगितलं.

पण मला सगळ्यात लक्षात राहिली ती कणकवलीच्या लॉजमधली संध्याकाळ. साडेसात वाजले आणि मी पलंगावरून उठून उभी राहिले. का उठले तेच कळेना. हे म्हणाले, ‘काय हवंय?’ काहीच नको होतं. कुकर लावायची वेळ झाली होती, एवढंच. श्रोतेहो, बँकेतून मी ३१ मेला सुटेन. ओट्यावरून सुटायची तारीख कुठल्या गुरुजींनी लिहिलीय? माझ्या खिडकीवर येणाऱ्या बायकांपैकी ‘जातोय वेळ’ असं म्हणणारी मला जवळजवळ भेटलेलीच नाही. त्या म्हणतात, ‘वेळच पुरत नाही.’ घरच्यांनी त्यांच्या निवृत्तीचं स्वप्न आधीच वाटून घेतलेलं असतं, कुणी डब्यात, कुणी नातवंडांत. माझी एक मैत्रीण म्हणते, तिला काश्मीर नको, केरळ नको. ताट वाढून कुणीतरी हाक मारावी, बस्स.

परत आल्यावर मी ह्यांना कुकर शिकवला. डाळीत पाणी किती, शिट्ट्या किती, आणि झाकण वाफ जिरल्याशिवाय ओढायचं नाही. चाळीस वर्षं मुलांना त्रैराशिक शिकवलेल्या माणसाला भाताचं प्रमाण काही केल्या जमेना. आता येतो बरा. आणि डायरीतही दुरुस्त्या झाल्या. दिवसाला चार तासांच्या वर एसटी नाही. दोन रात्री एका गावात. मालवणला होडी सकाळी.

ह्यांचं स्वतःचं स्वप्न वेगळंच आहे, नर्मदा परिक्रमा, आणि तीही पायी. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठंही ओलांडायची नाही. अमरकंटकच्या उगमाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या टोकाला, जिथं ती समुद्राला मिळते, तिथं विमलेश्वरहून होडीनं मिठी तलाईला पलीकडे जायचं. एकूण अडीच हजार किलोमीटरच्या वर चालणं. जुन्या रिवाजानं करायची तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. हे रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात आणि खाली येऊन गुडघ्याला तेल लावतात. मी म्हणते, बसनं करा, पंधरा-अठरा दिवसांत होते, मीही येते. ते म्हणतात, बसमधून नदी दिसते, भेटत नाही. यावर आमचं भांडण चालू आहे आणि मला वाटतं, ते चालू आहे तोवर दोघंही ठणठणीत आहोत. निदान ओंकारेश्वर ते महेश्वर एवढं तरी चालून बघा, गुडघे काय म्हणतात ते कळेल, एवढ्यावर गेल्या आठवड्यात अर्धी तडजोड झालीय. दसऱ्यानंतर. त्याला परिक्रमा म्हणायचं नाही, ही ह्यांची अट. त्या आठ दिवसांत ट्रंक मी साताऱ्याला आणून ठेवणार, ही माझी.

माझ्या खिडकीवर एक नवीन मुलगी येणार आहे. चुणचुणीत आहे, नाशिककडची. तिला काम समजावून देताना अंगठ्याचं मशीन दाखवलं, चेहऱ्याचं ॲप दाखवलं आणि सांगितलं की दाखला होईपर्यंत गप्प बसायचं नाही, ‘हल्ली काय चाललंय’ विचारायचं. ती म्हणाली, ‘मॅडम, नोव्हेंबरात तुम्ही याल तेव्हा तुम्हालाही विचारू?’

विचार म्हटलं. वाजंत्र्याच्या बाकीचं तोवर काही कळलं, तर तेही सांगीन तिला.

नमस्कार.