नखं उमटली होती

(दृश्य : पहाट. मागे सातपुड्याची काळी रेघ, पुढे केळीची बाग, मध्ये कोरडा नाला. पहिली काही सेकंद फक्त पक्ष्यांचे आवाज.)

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात सातपुडा जिथे संपतो, तिथेच केळी सुरू होते. मध्ये असतो एखादा नाला आणि शेताचा बांध. पावसाळ्यात हा नाला ओलांडता येत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला त्यात फक्त वाळू उरते. त्या वाळूवरून रोज रात्री कोणीतरी चालत जातं.

गावात तीन दिवस एकच बोलणं आहे. बिबट्या आलाय. मोबाइलवर फोटोसुद्धा फिरला. त्या फोटोत मागे हिमालयातली देवदाराची झाडं होती, पण ते कोण बघतं?

भीती मात्र खरी आहे. शेतीपंपाची वीज काही दिवस रात्रीच येते. मोटर सुरू करायला मध्यरात्री केळीतून जावं लागतं. डोक्याच्या वर पानं, हातभर अंतरावरचं दिसत नाही आणि हातात एक बॅटरी. अशा वेळी कोणतं जनावर फिरतंय, हे कळणं गरजेचं असतं.

(दृश्य : सालदार उकिडवा बसून वाळूकडे बघतो. वय साठीच्या पुढचं.)

हे या शेतावरचे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर काम करणारे गडी. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. ते ठशाच्या जवळ जात नाहीत. सूर्य समोर येईल असे, चार पावलं मागे बसतात. सकाळचं ऊन तिरपं असतं, ठशाची एक कड सावलीत जाते आणि ठसा उठून दिसतो. बारा वाजता हीच वाळू सपाट वाटेल.

"बिबट्या नाही भो. नखं दिसतात ना."

बिबट्या, वाघ, रानमांजर चालताना नखं आत ओढून घेतात. ठशात चार बोटं उमटतात, मागे तळव्याची मोठी गादी, आणि तिच्या मागच्या कडेला तीन उंचवटे. इथे प्रत्येक बोटापुढे बोथट टिंब होतं. मग कुत्रा? बाबांनी काडीनं पुढचा आणि मागचा ठसा गोल करून दाखवला. पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा. बोटं एकमेकांना चिकटलेली. नाल्याच्या काठावर वाळलेली विष्ठा होती, खडूसारखी पांढरी. हाडं चावून खाणाऱ्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी होते.

"तडस," बाबा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

तडस म्हणजे तरस. गंमत अशी, की दिसायला कुत्र्यासारखं आणि पायाला कुत्र्यासारखी नखं असलं, तरी नात्यानं ते मांजर-मुंगसांच्या बाजूचं. कोणी आपल्याला कशात मोजतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मेलेलं ढोर कुठे टाकलंय, एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं.

(दृश्य : कॅमेरा झाडाला बांधतानाचे हात.)

बाबांना खात्री होती. गावाला नव्हती. गावाला फोटो हवा होता.

ट्रेल कॅमेरा ही साधी डबी आहे. आत एक संवेदक असतो. आसपासच्या उष्णतेपेक्षा वेगळ्या उष्णतेचं काही समोरून सरकलं, की तो कॅमेऱ्याला जागं करतो. रात्री उजेड पडतो तो अवरक्त (इन्फ्रारेड), जनावराला तो जवळपास जाणवत नाही. शंभर वर्षांपूर्वी फ्रेडरिक चॅम्पियन नावाचे वनाधिकारी वाटेवर तार ताणायचे. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत प्रकाश पडायचा, वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा. आता वाघाला बहुतेक वेळा कळतही नाही.

आमचा पहिला प्रयत्न सांगायला लाज वाटते. बागेच्या कडेला, केळीच्याच खोडाला कॅमेरा बांधला. केळीचं खोड वाऱ्यानं डोलतं. त्यात दुपारी उन्हानं तापलेली फाटकी पानं संवेदकापुढे फडफडत होती. चार दिवसांत कार्ड भरलं. कोल्हाही नाही, उंदीरही नाही. पान. पान. पुन्हा पान.

मन रमवायला एक आकडा आहे. २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. तीन कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले. वाघाचे होते ७६,६५१.

बाबांनी डबी सोडवली आणि आम्हाला नाल्याच्या वळणावर नेलं. तिथे एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला बांध. वाट आपोआप अरुंद होते. "इथूनच जाईल. जाईल कुठी?" जाड निंबाच्या बुंध्याला, गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधला. तोंड उत्तरेला, म्हणजे उगवता-मावळता सूर्य त्यात शिरत नाही. वाटेला काटकोनात लावला, तर झपझप चालणारं जनावर निघून गेल्यावर फोटो निघतो, नुसती शेपटी मिळते. म्हणून तिरका. समोरचं गवत विळ्यानं काढलं. मालकाची परवानगी होतीच. शेत खाजगी होतं म्हणून तेवढ्यावर भागलं. यावल अभयारण्यात किंवा कुठल्याही राखीव जंगलात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही.

(दृश्य : रात्रीचे काळे-पांढरे फोटो, एकामागे एक.)

साळिंदर, काटे फरफटत. रानडुकरं, पिलांसकट. रानमांजर, तोंडात उंदीर. कोल्हा थेट कॅमेऱ्याचा वास घेताना.

आणि दोन वाजून सतरा मिनिटांनी, उतरत्या पाठीचं, अंगावर पट्टे, मानेवर आयाळ. तरस.

गावात फोटो दाखवला. काही जण हसले, काही जणांना हायसं वाटलं. एक आजी म्हणाल्या, "ते तर बिबट्याहून वाईट." ते मत बदललं नाही. आम्ही प्रयत्न केला.

(दृश्य : दुपार. तापलेला खडक. हवा थरथरते.)

मे महिन्यात कॅमेऱ्याला दुपारी डुलकी लागते. पारा पंचेचाळीसला टेकला, की दगड आणि जनावर यांच्या उष्णतेत फरकच उरत नाही. समोरून नीलगाय गेली तरी संवेदक गप्प. अशा दुपारी वाळूच काय ते सांगते. रात्री जमीन निवते आणि डबी पुन्हा जागी होते.

वाळू सोडली तर केळीत ठिबकची ओल कामाला येते. काल संध्याकाळी पाणी सोडलं, त्या ओलीवर ठसा आहे, म्हणजे जनावर त्यानंतर आलं. ठशावरून ट्रॅक्टरचं चाक गेलंय, म्हणजे ट्रॅक्टरच्या आधी. ठशात मुंगळ्याची रेघ असेल, तर मुंगळ्याच्याही आधी. बाबा बोलत नाहीत, काडीनं दाखवतात.

मुक्ताईनगरकडे डोलारखेडा-वढोद्याच्या भागात पूर्णेकाठच्या केळीत वाघ वावरतो, हे तिथल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. २०१४ साली तिथलं जंगल मुक्ताई-भवानी या नावानं संवर्धन राखीव झालं. वाघाचे पट्टे डाव्या अंगाला वेगळे, उजव्या अंगाला वेगळे असतात. म्हणून तिथे कॅमेरे समोरासमोर, जोडीनं लावावे लागतात. आमच्याकडे एकच होता.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर एक फोटो. बाबा डोळे बारीक करून बघतात.)

अकराव्या दिवशी कार्डात हा फोटो आला. पहाटे चार वाजून दोन मिनिटं. अंगावर ठिपके, लांब शेपटी, खडकाच्या कडेनं.

बिबट्या.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या सकाळी ते तिथूनच गेले होते आणि "आज काही नाही" म्हणाले होते. ते उठले, खडकापाशी गेले. खडकावर पाऊल उमटत नाही. ते दगडाची कड धरून, वाकून, पुढे पुढे गेले. जिथे खडक संपतो तिथे मूठभर ओल होती. तिच्यात अर्धी गादी आणि दोन बोटं.

"नखं नाही," ते म्हणाले.

बकऱ्या चरायला येण्याची वेळ झाली होती. बाबांनी बागेतून घमेलं आणलं, ठशावर पालथं घातलं, वर दगड ठेवला. मग मालकाला फोन लावला.

"आज रात्री मोटरवर मी एकटा नाही जाणार. दोघं जाऊ."