वरच्या माणसाने खाली उतरायचं नाही

नमस्कार. सुपरवायझर, कॉन्ट्रॅक्टर आणि टाकीत प्रत्यक्ष उतरणारी मंडळी आज एकाच हॉलमध्ये बसलीत हे फार बरं झालं, कारण बंदिस्त जागेत उतरताना जीव कसा सांभाळायचा, हे तिघांनी एकत्रच ऐकायला पाहिजे.

9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. जुनी विहीर, त्यात बायोगॅसची स्लरी साठवलेली, मांजर पडलं म्हणून एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा, असे एकामागून एक सहा जण उतरले आणि पाच गेले. सहावा वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता म्हणून. मला आजही ती बातमी आठवली की पोटात कालवतं. त्यातला कुणीच बेअक्कल नव्हता हो, आपला माणूस डोळ्यासमोर पडलेला दिसतोय, कोण थांबेल? अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने 1986 सालीच सांगितलंय की बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. म्हणून मी आज पहिल्या माणसापेक्षा दुसऱ्या माणसाबद्दलच जास्त बोलणार आहे.

तो दुसरा फसतो कारण खाली त्याला काहीच दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास येतो तो गॅस, थोडा असला की नाकाला लगेच कळतो, पण 100 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग गॅस, आसपास गेला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. हजारच्या घरात असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. आणि हा गॅस गाळाखाली दबून असतो, वर गॅस मोजायचा मीटर ओके दाखवतो, तुम्ही फावडं मारलं की भसकन बाहेर येतो. म्हणून सकाळी एकदा टेस्ट केली आणि दिवसभर काम केलं हे चालणार नाही, मीटर आत काम करणाऱ्याच्या छातीवर चालूच पाहिजे.

"आमची तर पाण्याची टाकी आहे, त्यात कसला गॅस" हे मी दर वेळी ऐकतो. मार्च 2025 मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीतच चार कामगार गुदमरून गेले. बंद टाकीत लोखंड गंजतं, सेंट्रिंगच्या फळ्या कुजतात, आणि हे दोन्ही ऑक्सिजन खातं. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली आला की कुणीही उतरायचं नाही. कापडी मास्क किंवा फिल्टरचा मास्क इथे काही कामाचा नाही, जो ऑक्सिजन नाहीच तो फिल्टर कुठून आणणार. आणि हात जोडून सांगतो, हवा सुधारायची म्हणून आत ऑक्सिजनचा सिलिंडर सोडू नका, एक ठिणगी पडली तर अंगावरचे कपडे पेट घेतील. ब्लोअर लावा, साधी ताजी हवा सोडा. कंदील सोडून बघायची जुनी रीत पण बंद करा, मिथेन असेल तर भडका उडेल आणि हायड्रोजन सल्फाइड असला तर कंदील जळतच राहील.

मीटर कसा सोडायचा तेही बघा. झाकण उघडल्या उघडल्या तोंड आत घालायचं नाही. पंपाची नळी वरून सोडा, वर, मध्ये, तळाशी, तिन्ही ठिकाणी थांबून आकडा घ्या, कारण मिथेन हलका, तो वर असतो आणि हायड्रोजन सल्फाइड जड, तो तळाशी बसतो. नळी लांब असली की हवा वर यायला वेळ लागतो, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. इथे घाई करणारे मी खूप पाहिलेत.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 36 मध्ये लिहिलं होतं की जाणकार माणसाने तपासून लेखी सर्टिफिकेट दिलं तरच उतरायचं, नाहीतर श्वासाचं उपकरण घालून, पट्टा-दोर बांधून, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. वाकडीच्या विहिरीवर जो एक दोर कामी आला तोच हा. पण आपल्याकडे होतं काय, आत उतरायचं परमिट ऑफिसमध्ये बसून भरलं जातं, हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा अंगातला पट्टा, स्टोअरमध्ये नवाकोरा पडून असतो. आणि जे बाहेर सोसायट्यांच्या सेप्टिक टाक्यांची कामं घेतात त्यांनी नीट ऐका, सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि गटारातल्या मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख केली आहे.

आता वरचा माणूस, म्हणजे बाहेर दोर धरून आतल्यावर लक्ष ठेवतो तो. त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, सामान आणायला पाठवायचं नाही, चहाला जायचं असेल तर आधी आतल्याला बाहेर काढायचं. आत गडबड झाली की त्याने ट्रायपॉडचं विंच, म्हणजे तोंडावरच्या तिपाईला लावलेली दोर ओढायची चरखी, फिरवायचं आणि आरडाओरडा करायचा, 101 लावायला सांगायचं, पण स्वतः उतरायचं नाही. आतला सख्खा भाऊ असला तरी नाही. खरं तर भाऊ-भाऊ असतील तर एकाला आत आणि एकाला वर ठेवूच नका, ड्यूटी लावतानाच बघा, हे सुपरवायझरच्या हातात आहे.

मागच्या शेडमध्ये ट्रायपॉड उभा केलाय, खड्ड्यात 60 किलो वाळूची गोणी हार्नेस घालून ठेवली आहे. जेवणाआधी प्रत्येकाने ती एकदा वर काढायची, कॉन्ट्रॅक्टर लोकांनीसुद्धा. चला.