दंडावरून दंडावर : मुंबईतील लसींची कथा

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवी काढण्यात आल्या, म्हणजे देवी रोगाची लस टोचण्यात आली. जेन्नर यांच्या पद्धतीची लस हिंदुस्थानात यशस्वीपणे टोचली गेली, ती प्रथम या मुलीला. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी जेम्स फिप्स या मुलावर आपला प्रयोग केला तो १७९६ साली. म्हणजे ही लस मुंबईच्या किनाऱ्याला लागेपर्यंत सहा वर्षे उलटून गेली होती.

हा विलंब लस जिवंत ठेवण्याच्या अडचणीमुळे झाला. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला मुंबई गाठण्यास कित्येक महिने लागत, आणि दोऱ्यात भिजवून वाळवलेली लस वाटेतील उष्म्याने निकामी होऊन जाई. अखेर व्हिएन्नाहून ती कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा या मार्गाने निघाली. वाटेतील शहरांत मुलांना टोचायचे, आठवडाभराने त्यांच्या दंडावर फोड भरून आला की त्यातील ताजी लस पुढच्या मुक्कामासाठी घ्यायची, असा तो प्रवास होता, आणि बसऱ्याहून जहाजाने ती मुंबईत आली. ॲनाच्या दंडावरील फोडातून घेतलेली लस शहरातील आणखी पाच मुलांना टोचली गेली, आणि येथून ती पुढे मद्रास, सिलोन व कलकत्त्यापर्यंत गेली. बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती; त्या काळी लहान मुलांची शरीरे हेच लसीचे भांडार होते. या मुलांची संमती कोणी विचारली नाही आणि बहुतेकांची नावेही मागे राहिली नाहीत. म्हणूनच देवीच्या लसीचा आपल्याकडील इतिहास सांगताना पहिला मान शल्यवैद्यांना नव्हे, तर ॲनाला आणि तिच्यामागून आलेल्या त्या मुलांना द्यावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

लोकांनी मात्र ही लस सहजासहजी स्वीकारली नाही. देवी येणे हा मातेचा कोप मानला जाई, माहीमच्या शीतलादेवीला नवस बोलले जात आणि आजाऱ्याच्या उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला जाई. त्यातच आठव्या दिवशी मुलाला पुन्हा घेऊन यावे, त्याचा ठणकणारा फोड फोडून द्यावा आणि ती लस परक्या जातीच्या, परक्या घरच्या मुलाला टोचली जावी, ही गोष्ट आईबापांच्या गळी उतरणे कठीण होते. त्यांच्या भीतीला केवळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण दंडावरून दंडावर लस घेताना एका शरीरातील दुसरे रोगही पुढच्या शरीरात जाऊ शकत. पुढे वासरांच्या अंगावर लस तयार होऊ लागली, तेव्हा हा धोका टळला. १८७७च्या कायद्याने मुंबईत लहान मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले.

सक्तीने किती साधते आणि कोठे बिघडते, याची खरी परीक्षा १८९६ साली झाली. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात डॉ. ॲकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि पाहता पाहता लाखो लोक मुंबई सोडून गावी निघाले. सरकारने घरोघरी झडत्या घेतल्या, रोग्यांना बळाने रुग्णालयांत नेले आणि त्यांच्या नातलगांना छावण्यांत ठेवले. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, अशी धास्ती गिरणगावात इतकी पसरली की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला.

याच दिवसांत वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसात जन्मलेल्या आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या या संशोधकाने पटकीची (कॉलऱ्याची) लस आधीच कलकत्त्यात वापरून पाहिली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगचे जंतू मांसाच्या पाण्यात वाढवले. हे पाणी गोमांसाचे वा डुकराच्या मांसाचे न घेता बकऱ्याच्या मांसाचे घेण्यात आले, म्हणजे कोणाच्याही धर्मभावनेला धक्का लागू नये. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतूंची वाढ त्यांना धरून खाली लोंबत असे. मग ते जंतू उष्णतेने मारून त्यांची लस केली जाई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, पण ते काम करीत राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली आणि त्यांच्यात प्लेगचे प्रमाण इतर कैद्यांपेक्षा बरेच कमी आढळले. इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनीही लोकांसमोर ती टोचून घेतली, आणि झडत्यांनी जे साधले नव्हते ते अशा उदाहरणांनी थोडेफार साधू लागले. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली.

यानंतर आले ते संकट मुंबईपासून दूर घडले. ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातील मलकोवाल या गावी परळच्या एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही बाब चौकशीत असूनही तिचे वजन लक्षात घेतले गेले नाही. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हा अन्याय उघड केला, तेव्हा कोठे हाफकिन दोषमुक्त झाले आणि हिंदुस्थानात कामावर परतले, परंतु ते कलकत्त्यात, परळमध्ये नव्हे. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.