परीक्षक आधी सांधा बघतो

नरक चतुर्दशीची आदली रात्र. गोव्यात फोंडा, म्हापसा, डिचोली, वाड्यावाड्यावर स्पर्धेसाठी बांबू-कागदाचे नरकासुराचे पुतळे उभे आहेत. नवखा परीक्षक चेहरा बघतो, डोळ्यांतले दिवे बघतो. ज्याने स्वतः बांबू बांधले आहेत, तो आधी मागे जातो आणि तलवारीचा हात खांद्याला कसा जोडलाय ते तपासतो.

अमेरिकेत २०२० साली फॉक्स वाहिनीवर ‘लेगो मास्टर्स’ ही लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या, बांधकामाची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा परीक्षक म्हणून असेच दोघे बसले: एमी कॉर्बेट आणि जेमी बेरार्ड. दोघंही लेगोचे डिझायनर.

बेरार्ड मूळचे अमेरिकेतले, हौशी बांधणाऱ्यांपैकी एक. डेन्मार्कमधल्या बिलुंडला कंपनीत गेल्यावर २००७ मध्ये त्यांचं ‘कॅफे कॉर्नर’ आलं, एका इमारतीचा संच: २,०५६ तुकडे, एका बाजूला ३२ उंचवटे (विटा ज्यांवर बसतात ते गोल खुंट) असलेला चौकोनी पाया, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर बाजू. शेजारची इमारत पिनांनी जोडायची, की रस्ता तयार होतो. २०१७ च्या ‘असेंब्ली स्क्वेअर’मध्ये तुकडे ४,००२ झाले.

पण आमच्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम २००६ चं आहे. कोणती जोडणी चालेल आणि कोणती नाही, हे त्यांनी हौशी मंडळींसमोर चित्रांनिशी मांडलं. एकच उदाहरण घेऊ. दोन उंचवट्यांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर, उंचवट्याचा व्यास ४.८. मध्ये उरतात ३.२. पातळ प्लेटची जाडीही ३.२. मग प्लेट उभी खोचली तर? बसते. पण सैलपणा जराही उरत नाही. एरवी प्रत्येक वीट दोन्ही बाजूंनी ०.१ मिलिमीटर लहान ठेवलेली असते, म्हणून चार उंचवट्यांची वीट ३२ नव्हे, ३१.८ भरते. ती फट इथे नाही. प्लास्टिक सतत ताणलेलं राहतं, हळूहळू पकड सोडतं, कधी तडकतं. लहान मुलाला तो तुकडा काढताही येत नाही. म्हणून कंपनीच्या संचात अशी जोडणी चालत नाही.

हीच नजर टीव्हीवर येते. पुलाच्या फेरीत पूल वजन टाकून मोडेपर्यंत तपासतात. वजन मधोमध आलं की वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो. विटा दाब सोसतात. ओढ लागली की सुटतात. वरखाली सांधे एका रेषेत आले, तर पूल तिथेच उघडतो. म्हणून विटा अशा रचायच्या की सांध्यावर सांधा येणार नाही, खाली लांब तुळया घालून पिनांनी बांधायच्या.

नरकासुराचा उगारलेला हात मोडतो तोही ताणामुळेच, फक्त इथे ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो. त्यात खळीने ओला झालेला कागद वजन वाढवतो. हाताचा बांबू खांद्याशी संपवू नये. छातीच्या सांगाड्यातून पलीकडच्या बरगडीपर्यंत न्यावा, दोन्हीकडे घट्ट बांधावा, आणि कागद पुरता वाळल्यावरच तलवार द्यावी.