मोरियासू यांचं दोहा

मित्रहो, हाजिमे मोरियासू म्हटलं की २०२२ चा कतारमधला फुटबॉल विश्वचषक आठवतो, जिथे ते जपानचे प्रशिक्षक होते. पण त्या विश्वचषकातला मोरियासू समजून घ्यायचा, तर त्याच दोहा शहरात २९ वर्षं मागे जावं लागतं.

२८ ऑक्टोबर १९९३. जपान तोवर एकही विश्वचषक खेळलेला नव्हता. इराकला हरवलं की १९९४ च्या अमेरिकेतल्या विश्वचषकाचं तिकीट हातात. जपान २-१ ने पुढे होता आणि भरपाई वेळ सुरू झाली होती. इराकने कॉर्नर किक झटपट, जवळच्या खेळाडूकडे देऊन घेतली, क्रॉस आला, ओमरानने हेडर मारला. २-२. संपलं. पंचविशीतले मोरियासू तेव्हा मैदानावर होते, मधल्या फळीत, बचावफळीच्या अगदी पुढे. १९९८ मध्ये जपान पहिल्यांदा विश्वचषकाला गेला, पण त्या संघात ते नव्हते. ३५ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला हा माणूस खेळाडू म्हणून विश्वचषक कधी खेळलाच नाही.

त्यांची जागा लक्षात ठेवा. तिथला खेळाडू क्वचितच गोल करतो. चेंडू हिसकावायचा, सहकाऱ्याकडे सरकवायचा, कुठे भगदाड पडतंय ते सतत पाहायचं, हेच त्याचं काम. माझ्या मते मोरियासू यांचं सगळं प्रशिक्षण या नजरेतून आलेलं आहे.

नागासाकीत वाढलेले मोरियासू १९८७ मध्ये हिरोशिमाच्या माझदा क्लबमध्ये आले. हाच क्लब पुढे सानफ्रेचे हिरोशिमा झाला. २०१२ मध्ये ते तिथे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच मोसमात क्लबला जे-लीगचं, म्हणजे जपानच्या व्यावसायिक लीगचं, पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. मग २०१३, मग २०१५. संघाची घडी आधीच्या प्रशिक्षकांनी, पेत्रोविच यांनी, बसवलेली होती: बचावात तीन खेळाडू. मोरियासूंनी ती मोडली नाही, घट्ट केली. एरवी नवा माणूस आला की आधी सगळं उलथवतो. हा संयम मला फार मोलाचा वाटतो. २०१७ मध्ये संघ घसरला, तेव्हा त्यांनी पद सोडलं.

आता कतार. जर्मनीविरुद्ध मध्यंतराला जपान ०-१ ने मागे. मोरियासूंनी बचावपटू तोमियासूला आणलं आणि बचाव तीन जणांचा केला. मागे असताना बचावपटू आणणं उलटं वाटतं ना? पण त्यामुळे दोन्ही कडांचे खेळाडू मोकळे झाले. मग मितोमा, असानो, दोआन, मिनामिनो असे एकेक ताजे पाय उतरवले. दोआन आणि असानो यांनीच गोल केले. २-१.

मध्ये कोस्टारिकाविरुद्ध हार. मग स्पेनवरही २-१, तेही चेंडू जेमतेम १८ टक्के वेळ ताब्यात असताना. त्या सामन्याचा शेवटचा मिनिट उरला तेव्हा आपल्याला १९९३ आठवलं, असं मोरियासूंनी नंतर सांगितलं. पण आपले खेळाडू मागे न सरकता चेंडू हिसकावायला पुढे धावत होते, तेव्हा काळ बदलल्याचं त्यांना जाणवलं.

क्रोएशियाविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये स्वप्न थांबलं. तरी जपानी महासंघाने त्यांनाच कायम ठेवलं, आणि ते योग्यच झालं. २०२४ च्या आशियाई चषकात इराणने त्यांना भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर बाहेर काढलं, तेही कतारमध्येच. पण मार्च २०२५ मध्ये यजमान देश सोडले तर २०२६ च्या विश्वचषकात सर्वांत आधी जागा पक्की केली ती जपानने. त्याच वर्षी ऑक्टोबरात टोकियोत ब्राझीलविरुद्ध मध्यंतराला ०-२ ने मागे असलेला हा संघ ३-२ ने जिंकला. ब्राझीलवरचा जपानचा तो पहिलाच विजय.