शेंगा, बॅटरी आणि शीर्षकसंगीत

(परभणीतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘दूरदर्शनचे संगीत आणि आपली आवड’. नाव मोठं आहे, म्हणणं छोटं. आपल्याला काय आवडणार हे घराणं, गुरू, क्लास हे सगळं यायच्या आधी मालिकांच्या सुरुवातीच्या मिनिटभराच्या वाजण्यानं ठरवून टाकलेलं असतं. आणि आधी आवड लागते ती आवाजाची, चालीची नंतर. झालं भाषण. पण माईक हातात आलाय, तेव्हा तुमची इतक्यात सुटका नाही.

चाळिशीपुढचे किती आहेत? हात वर करू नका, केस दिसतायत.

म्हैसमाळच्या दूरदर्शन टॉवरचं कौतुक औरंगाबादकरांनी करावं. (हो, संभाजीनगर. पण मी बोलतोय तेव्हाचं.) आमच्या गावात चित्रापेक्षा मुंग्या जास्त दिसायच्या. १९८७च्या जानेवारीत रामायण सुरू झालं, पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला महाभारत. दोन्ही रविवारी सकाळी, आणि आमची वीज जायची तीही रविवारी सकाळीच. म्हणून टीव्ही चालायचा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. असे टीव्ही आमच्या गल्लीत दोन. एक मास्तरांकडे, एक काकूंकडे. भिंतीला भिंत लागून. मास्तरांकडे आवाज मोठा आणि दार बंद; काकूंकडे दार उघडं आणि टीव्ही बंद.

काकूंचा नियम असा, की बियाण्याच्या शेंगा फोडेल त्यानं ओसरीवर बसावं. समोर पोतं, हातात टोपलं. दाणा दुभंगला तर बोलणी, तोंडात टाकला तर घराबाहेर. तेही चाललं असतं. पण शीर्षकसंगीताला टीव्ही लावायचाच नाही! मी रडकुंडीला यायचो. “काकू, लावा की, सुरू झालं!” काकू शांत. “गाणं काय बघायचंय त्यात? माणसं आली की लावते. बॅटरी उतरायलीय. तू आधी टोपलं भर.” रामायण संपलं, महाभारत आलं, शेंगांनंतर तुरी निवडायला आल्या, नियम तोच. विजेच्या बचतीवर पुढे सरकारनं एवढ्या जाहिराती केल्या, आमच्या काकूंना विचारलं असतं तर खर्च वाचला असता.

तर मी महाभारताचा शंख आणि महेंद्र कपूर यांचा आवाज ऐकला तो भिंतीपलीकडून, टरफलांच्या कडकड आवाजात. चित्राशिवाय. माझा धाकटा भाऊ मात्र मास्तरांकडे आत. त्याचे तिसापर्यंतचे पाढे पाठ होते, मास्तर त्याला मांडीजवळ बसवायचे. हा भाऊ लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता पाढ्यांवरून आठवलं... नको. अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, ‘पाच मिनिटे’. पाचावर दोनदा रेघ मारली आहे. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ते आता पळत पळत.

एक. वारंवार कानावर पडलेलं आवडायला लागतं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८मध्ये हे प्रयोगांनी मांडलं. आपल्याकडे तर एकच चॅनल, निवड नाही, आणि तीच धून दर आठवड्याला. कान दुसरं करणार काय?

दोन. कानावर पडलं ते कुठलं, हे बघा. आपल्या भजनात सगळे एकाच सुरात गातात, काकड्यालाही तेच. आणि १९८८मध्ये ‘भारत एक खोज’च्या सुरुवातीला ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा समूहस्वर आला, आवाजावर आवाज रचलेला. संगीतकार वनराज भाटिया, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले. गोदाकाठच्या पोरांच्या कानात हे इतक्या सहज कुणी घातलं होतं? मला पुढे चर्चमधलं वृंदगान परकं वाटलं नाही ते यामुळेच.

‘मालगुडी डेज’चं संगीत एल. वैद्यनाथन यांचं, ‘सुरभि’चं शीर्षकसंगीत त्यांचे भाऊ एल. सुब्रमण्यम यांचं. एका घरातले दोन भाऊ, दोघंही व्हायोलिनवाले, कर्नाटकी तालमीतले. दक्षिणेचं संगीत ‘ऐकायला अवघड’ म्हणणारे माझे मित्र हे वाजलं की मान डोलावतात, आणि मी नावं सांगितली की डोलावणं थांबवतात!

तीन. यापुढच्या पिढीचं. अशोक पत्की यांची चाल असलेलं ‘मिले सुर’ १९८८चं, आणि त्यांचंच ‘आभाळमाया’चं शीर्षकगीत १९९९चं, देवकी पंडित यांच्या आवाजात. ती मालिका बघत वाढलेली मुलं पुढे देवकीताईंच्या मैफलीला जातात तेव्हा त्यांना राग ओळखू येत नसेल, आवाज येतो. सुरुवात तिथूनच होते. राग मागाहून शिकता येतो.

कुणी म्हणेल, मग सगळा मराठवाडा तेच ऐकून वाढला, तरी वरातीत डीजे का? त्याला माझा भाऊ उत्तर आहे. त्यानं तेच महाभारत त्याच आठवड्यांत ऐकलं, पण बघत बघत ऐकलं. आज विचारा, त्याला रथ आठवतो, मुकुट आठवतात, आकाशात एकमेकांवर आदळणारे बाण आठवतात. शंखानंतर काय वाजायचं ते सांगता येत नाही. मला रथाचा रंग माहीत नाही, पण सुरावट अजून पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणून दाखवतो. आता इथं नाही, अध्यक्ष उठले आहेत. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, आणि डीजेवाल्यांनी माझ्यापासून लांबच्या टेबलावर बसावं.