छापलेल्या पानावरची पेन्सिल

एखादे पुस्तक मनापासून आवडले की, लिहिण्याची धडपड करणाऱ्या माणसाची अशी समजूत होते की ते पुस्तक लेखकाला आज दिसते तसेच, ओळीमागून ओळ, सुचत गेले असणार. मग स्वतःच्या खाडाखोडीने भरलेल्या कागदांची लाज वाटू लागते आणि हात आखडतो. या गोष्टीतील लेखिकेची पहिली कादंबरी दुसऱ्या प्रकरणात रुतून बसली आहे. ज्या कादंबरीकारांचे लेखन वाचून त्या लिहू लागल्या, त्यांचे अभिवाचन आणि स्वाक्षरीचा कार्यक्रम असल्याचे कळल्यावर त्यांनी सकाळी निघून रात्री परतण्याचा बेत आखला. जातानाच्या प्रवासाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. हस्तलिखित मांडीवर उघडे होते आणि त्यात एकाही शब्दाची भर पडली नाही.

स्वाक्षरीचा कार्यक्रम बाहेरून पाहणाऱ्याला सह्यांचा कारखाना वाटतो, आणि खरे सांगायचे तर तो थोडाफार तसा असतोही. रांगेतल्या प्रत्येकाचे नाव आधीच एका चिकटचिठ्ठीवर लिहून घेतात, कारण एकच नाव माणसे निरनिराळ्या प्रकारे लिहितात आणि आपल्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला कुणालाच खपत नाही. वेष्टनाची घडी शीर्षकपृष्ठाशी खोचून ठेवतात, म्हणजे लेखकाला पान शोधावे लागत नाही. काही लेखक आपले छापील नाव एका रेघेने खोडून त्याखाली सही करतात. छापखान्याच्या नावाची जागा हाताने लिहिलेल्या नावाने घ्यावी, असा त्यामागचा भाव असावा. गावोगाव फिरून सह्या करण्याची ही दमछाक टाळण्यासाठी कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवूड यांनी, दूर बसलेल्या लेखकाच्या हाताची हालचाल इंटरनेटवरून पोचवून पुस्तकावर शाईने सही उमटवणाऱ्या ‘लाँगपेन’ या यंत्राची कल्पना मांडली आणि २००६ मध्ये ते लोकांसमोर आणले. तरीही वाचक प्रत्यक्ष रांगेत उभे राहतातच. नुसती सही हवी असती, तर एवढा खटाटोप कुणी केला नसता.

लेखिकेच्या दृष्टीने दिवसाचा खरा भाग रांगेच्या आधीच घडला. कादंबरीकार वाचत होते आणि त्या आपल्या प्रतीत बोट ठेवून सोबत वाचत होत्या. दुसऱ्या पानावर बोट मागे राहिले आणि आवाज पुढे गेला. आधी त्यांना वाटले की अनवधानाने ओळ सुटली असेल. पण पुढे पुन्हा तसेच झाले, एकदा विशेषण गळले, एकदा पावसाचे अख्खे वर्णन गळले, आणि गंमत म्हणजे सभागृहात कुणालाही काही कमी पडल्याचे जाणवले नाही.

असे करणारे हे पहिले लेखक नव्हेत. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून मानधन घेऊन स्वतःच्या लेखनाचे जाहीर वाचन करू लागले, आणि त्यासाठी त्यांनी आपल्याच पुस्तकांच्या वेगळ्या प्रती तयार केल्या. लाखो वाचकांनी डोक्यावर घेतलेल्या त्या मजकुरातले परिच्छेदच्या परिच्छेद त्यांनी खोडले, शब्द बदलले आणि आवाज कुठे कसा लावायचा याच्या सूचना समासात लिहून ठेवल्या. अशी एक प्रत न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बर्ग संग्रहात आजही जतन केलेली आहे.

मेजापाशी पोचल्यावर वेळ जेमतेम मिळतो, मागची रांग ताटकळलेली असते. “तुम्हीही लिहिता का?” या प्रश्नाला मान डोलावून लेखिकेने गळलेल्या पावसाविषयी विचारले. कादंबरीकार हसले आणि त्यांनी वाचनाची प्रत त्यांच्याकडे फिरवली. कणा मोडलेले ते पुस्तक पेन्सिलीच्या रेघांनी भरले होते. पावसाच्या परिच्छेदावर तिरपी काट होती, आणि एका लांबलचक वाक्याच्या मध्यावर, समासात, बारीक अक्षरात ‘श्वास’ एवढेच लिहिलेले होते. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्यात काहीतरी जास्तीचे आहे असे आपण धरून चालतो, आणि हे पुस्तक छापून झाल्यावरच मोठ्याने वाचले गेले, असे त्यांनी सांगितले. मग चिठ्ठीवरचे नाव पाहून सही केली आणि पुढच्या वाचकाकडे वळले.

प्रेरणा हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. इथे तिचे रूप अगदी व्यवहारी होते: ज्या हाताकडे लेखिका इतकी वर्षे आदराने पाहत होत्या, तो हात छापून झालेल्या पुस्तकावरही काट मारत होता.

परतीच्या गाडीत त्यांनी दुसरे प्रकरण पुटपुटत वाचायला घेतले. शेजारच्या प्रवाशाने एकदोनदा वळून पाहिले, पण त्या थांबल्या नाहीत. वाड्याच्या दरवाजाचे, ओसरीचे आणि झोपाळ्याच्या कड्यांचे जे वर्णन त्यांनी जिवापाड जपले होते, ते मोठ्याने वाचताना त्यांनाच कंटाळा आला. मुक्काम येईपर्यंत त्या सगळ्यावर पेन्सिल फिरली होती, आणि प्रकरण आता दोन बहिणींच्या भांडणापासूनच सुरू होत होते.